न बघता केलेल्या खुणा

माझी नात आष्ट्याच्या घरात बसून पुण्याच्या कंपनीचं काम करते. शेकडो कॉम्प्युटरांना एका जागेवरून कामाला लावायचं एक अवजार आहे म्हणे. त्यातली बरीच कामं तयार मिळतात, जी मिळत नाहीत ती ही स्वतः लिहिते. त्या लिहिलेल्या तुकड्याला मॉड्यूल म्हणतात. मी चौथी शिकलेली. तिनं मला एवढंच समजावलं, की मॉड्यूलनं आधी मशीनवर जाऊन बघायचं, काम झालेलं असेल तर हात लावायचा नाही, नसेल तर करायचं, आणि शेवटी खरं काय ते सांगायचं.

उन्हाळ्यात तिला एका दवाखान्याच्या कॉम्प्युटरांसाठी मॉड्यूल लिहायचं होतं. रुग्णांच्या नोंदींची दुसरी प्रत रोज निघते की नाही, ते बघणारं. साहेबांना ते पसंत पडलं तर तिची नोकरी कायम होणार होती. नाहीतर बापानं स्थळ बघूनच ठेवलं होतं.

मी तिच्या खोलीत शेंगा फोडत होते. साहेबांचा फोन स्पीकरवर होता.

"प्रत उघडून तपासत बसलीस तर किती वेळ जातो! फाइल दिसली की 'झालं' म्हण आणि सोड. पडद्यावर बिघाडाचं लाल आलं की गिऱ्हाईक घाबरतं."

"पण सर, फाइल रिकामी असली तर?"

"कोण उघडून बघतंय?"

फोन ठेवून ती खरंच ओळी खोडायला लागली.

"काय करतीस गं?"

"साहेब म्हणतात तसं. मला कायम व्हायचंय, आज्जी."

मला किळस आली. साहेबाची आली, तिची आली आणि माझी स्वतःची आली.

मी पूर्वी साताऱ्याच्या एका खाजगी दवाखान्यात आया होते. लुळ्या पडलेल्या रुग्णाची कूस दर दोन तासांनी बदलायची आणि पलंगाला अडकवलेल्या कागदावर खूण करायची. एक म्हातारी फार जड होती. आम्ही दोघी आया चहा प्यायचो आणि दिवसभराच्या खुणा एकदमच करून टाकायचो. डॉक्टर कागद बघायचे. पाठ कोणी बघत नव्हतं. वास सुटला तेव्हा चादर ओढली. कमरेखाली मूठ जाईल एवढा खड्डा पडला होता, आत हाड दिसत होतं. कागदावर सगळं झालेलं होतं, म्हणून मला कोणी एक शब्द बोललं नाही. ती पुढे किती दिवस जगली, मी विचारलंही नाही.

घरात हे कधी सांगितलं नव्हतं. तिला सांगितलं.

"शी, आज्जी! तू?"

"मीच. आता लिव तुझं 'झालं'."

"ते माणूस होतं. ही मशिनं आहेत."

"दवाखान्याचीच हायत न्हवं?"

ती त्या रात्री जेवली नाही. दुसऱ्या दिवशी खोडलेलं सगळं परत लिहिलं आणि चालवलं. निम्मा पडदा लाल. कितीतरी प्रती रिकाम्याच होत्या. साहेब फोनवर ओरडले, आणि कायम करायचं सहा महिने पुढे ढकललं.

मुलगा माझ्यावर उखडला. "आये, तुला काय कळतंय गं त्यातलं? पोरीचं वाटोळं केलंस."

मला काही कळत नाही, हे खरंच आहे. सहा महिने स्थळाचं नाव काढायचं नाही, असं तिनं बापाला तोंडावर सांगितलं. आता नवं मॉड्यूल लिहिलं की ती एका मशीनवर मुद्दाम बिघाड करून ठेवते, मॉड्यूल चालवते आणि मला हाक मारते.

"आलं का लाल?"

"आलं," मी पडदा बघून सांगते.

मग मी शेंगा फोडायला जाते.