मॉरिशसचा मारोती आणि सेनगावकडचा पट

लेकीने हा ब्लॉग काढून दिल्यापासून मी हंपी लिहिलं, केदारनाथ लिहिलं, अंदमानवर तर तीन भाग पाडले. पण माझ्या आयुष्यातली सगळ्यात भारी सहल हिंगोलीची, असं म्हटलं की लोक हसतात. हसा खुशाल. सत्तरच्या दशकातली गोष्ट आहे, तेव्हा हिंगोली परभणी जिल्ह्यात होती आणि मी पुण्यात बँकेत नवा नवा चिकटलो होतो.

मला घोड्यांच्या शर्यतींचं वेड. घरी ते कुणाला सांगायची सोय नव्हती, म्हणून एका मासिकाच्या पत्रमैत्रीच्या पानातून मी माझ्यासारखाच एक वेडा शोधून काढला. तो निघाला थेट मॉरिशसचा. नाव आनंद मारोती. मारोती हे वडिलांचं नाव असेल असं मला वाटलं, तर ते आडनाव! तिकडे आपली माणसं मजूर म्हणून, घोडे राखणारे मोतद्दार म्हणून बोटीतून गेली, तेव्हा गेलेल्या माणसाचं नावच पुढे घराण्याचं आडनाव झालं. आनंदचे खापरपणजोबा मारोती, हिंगोलीच्या छावणीतल्या रिसाल्यात, म्हणजे घोडदळात, घोडे सांभाळायचे. एका साहेबाच्या घोड्यांबरोबर मुंबईहून बोटीत चढले ते कायमचेच.

एका जानेवारीत आनंदने कळवलं, "मी येत आहे. कृपया माझे गाव शोधून ठेवावे." जसं काही मी त्याची छत्री हरवली होती! पण कारण जिव्हाळ्याचं होतं. तिकडच्या बैठकीत, म्हणजे संध्याकाळच्या मराठी शाळेत, सगळे आपापल्या गावाचं नाव सांगत. कुणी रत्नागिरीकडचं, कुणी साताऱ्याकडचं. आनंदच्या वडिलांना नुसतं "हिंगोली" म्हणून खाली बसावं लागायचं. आता ते अंथरुणाला खिळले होते आणि त्यांना गावाचं नाव ऐकायचं होतं.

मी लगेच रजा टाकली आणि आनंद येताच आम्ही दोघे निघालो. पुण्याहून मनमाड, तिथून छोट्या लाइनीची गाडी, परभणीवरून पूर्णा, पूर्णेला पुन्हा गाडी बदलून वसमतवरून हिंगोली. आज तुम्ही गाडीने सरळ जाल, पण गप्पांसाठी त्या गाडीसारखी गाडी नाही. ती इतकी निवांत चालायची की खिडकीतून शेतातल्या माणसाशी बोलणं पुरं व्हायचं. पूर्णेच्या स्टेशनवर भजी जरूर खा. आनंदने खाल्ली, डोळ्यांतून पाणी काढलं आणि म्हणाला, "अत्यंत रुचकर आहेत." बैठकीत शिकलेलं त्याचं मराठी असं इस्त्री केलेलं होतं.

पूर्णेलाच आम्हाला प्रल्हाद येऊन मिळाला. हा माझा कॉलेजातला खोलीतला जोडीदार, हिंगोलीत शाळामास्तर, मूळचा वसमतजवळच्या हट्ट्याचा. तीन तऱ्हेची तीन माणसं एका बाकावर, मग काय विचारता! आनंद सांगत होता, त्यांच्या राजधानीतच रेसकोर्स आहे, शर्यतीच्या दिवशी अख्खं बेट तिथं लोटतं, आणि त्याचे काका तिथल्या तबेल्यात मोतद्दार आहेत.

"शर्यतीआधी आमच्या घरातला माणूस घोड्याचा डावा कान धरतो," तो म्हणाला, "आणि त्यात सांगतो, जितलास तरी घरी ये, हारलास तरी घरी ये."

"शर्यतीआधी हारलास म्हणता?" मी उडालोच. "आमच्या पुण्यात असं कुणी बोललं तर त्याला मैदानाबाहेर काढतील."

"तिथेही सर्व लोक हसतात. परंतु आम्ही सांगतो. मारोतीआजोबा सांगत होते."

मारोतीआजोबांनी रिसाल्यातली मोठी शर्यत जिंकली, साहेब खूश झाला आणि म्हणून त्यांना समुद्रापार घेऊन गेला, असं त्यांच्या घरात पिढ्यान् पिढ्या सांगत आलेत. मी चिडवलं, "प्रत्येकाचा खापरपणजोबा जिंकलेलाच कसा रे असतो?"

"माझा न्हाई बरं का," प्रल्हाद म्हणाला. "माझ्या पणजोबाला शर्यतीत उभंच कोन करत होतं? आमची शर्यत बाबासाहेबांपासून सुरू झाली. पर आता आमी सुटलोय, हाती लागत न्हाई कोनाच्या!"

आणि तो असा खळखळून हसला की समोरच्या बाकावरच्या बाईंचं झोपलेलं लेकरू उठून बसलं.

हिंगोलीत प्रल्हादच्या घरी उतरलो. त्याच्या आईच्या हातची भाकरी, अंबाडीची भाजी आणि ठेचा खाऊन आम्ही रिसाला बाजारात शिरलो. रिसाला गेला, पण मोहल्ल्याला नाव राहिलंय. आनंद प्रत्येक जुन्या भिंतीला हात लावून बघत होता. मी विचारत सुटलो, "इथं मारोती नावाचा मोतद्दार होता का?" एक म्हातारे चाचा खुर्ची सरकवून म्हणाले, "मारोती? अरे बेटा, इस इलाके में पत्थर फेंको तो मारोती को लगता है." कुणी सेनगावकडचा मारोती सांगितला, कुणी कळमनुरीचा, एकाने तर स्वतःच्या सासऱ्यालाच पुढे केलं. पुढचे दोन दिवस आम्ही एसटीने वारंगा फाट्यापर्यंत धूळ खाऊन आलो. मारोती पुष्कळ भेटले. समुद्रापार गेलेला एकही नाही.

आनंदने भिंतींना हात लावणं सोडून दिलं. "बाबांना मी काय सांगू?" एवढंच एकदा म्हणाला.

मग प्रल्हादने डोकं चालवलं. "उद्या सेनगावच्या पुढं शंकरपट हाय. बैलांच्या शर्यती. घोड्यावाल्या पाहुण्याला जरा आमचे बैल तर दाखवू! उदास काहून बसून राहिला तू?"

सकाळी सेनगावची एसटी धरली. बसमध्ये आमच्यापेक्षा कापसाची बोचकीच जास्त. फाट्यावर उतरून पुढे चालत. दोन्ही बाजूंना तूर आणि टाळकी ज्वारी, एका शेतात हुरडा भाजणं चाललं होतं. आम्ही नुसतं बघितलं, तर तिथल्या बाईंनी हाका मारून बसवलं आणि गरम हुरडा, शेंगदाण्याची चटणी हातावर ठेवली. पैसे विचारल्यावर रागावल्या. जानेवारीत जाणार असाल तर पोट रिकामं ठेवून जा, एवढा माझा सल्ला.

पट म्हणजे काय सांगू! लांबच लांब सपाट पट्टी, दोन्ही बाजूंना माणसांच्या भिंती, हलक्या गाडीला जुंपलेली बैलजोडी, वर धुरकरी, म्हणजे गाडी हाकणारा. निशाण पडलं की जोडी अशी सुटते की छाती धडधडायला लागते. मी पुण्याचे सगळे डर्बी विसरलो. आनंद इस्त्रीचं मराठी विसरला आणि त्यांच्या बेटावरच्या भाषेत ओरडायला लागला. शेजारच्या फेटेवाल्याला त्यातलं अक्षर कळत नव्हतं, तरी तो प्रत्येक वेळी "बराबर! बराबर!" म्हणत होता.

पुढची जोडी आली. पांढरी, शिंगं रंगवलेली. जुंपण्याआधी एक म्हातारी बाई पुढे झाली, सुरकुतलेल्या हाताने तिने बैलाचा डावा कान धरला आणि त्यात काहीतरी पुटपुटली. गर्दीत एकदम हशा पिकला.

"खैरगाववाले आले! बैलाला हारायचं शिकवून राहिले बघा!" फेटेवाला आम्हाला सांगायला लागला. "सगळ्या मुलखात ह्यांचंच एक गाव हाय असं. शर्यतीआधी बैलाला म्हनत्यात, हारलास तरी घरी ये."

तेच वाक्य! वळून बघतो तर आनंद जागेवर नव्हता. दोरी ओलांडून तो म्हातारीसमोर जाऊन उभा होता. आम्ही धावत गेलो.

"आजी, आपण काय म्हणालात?" तो विचारत होता.

"काहून रे बाबा? तूबी हसायला आलास का?"

आनंदने हात जोडले आणि ते वाक्य डोळे मिटून पुरं म्हणून दाखवलं. आजी त्याच्याकडे बघतच राहिली. तिचं नाव गिरजाआजी, जोडी तिच्या मुलाची. प्रल्हादने तिला भराभरा सगळं सांगितलं. रिसाला, बोट, मारोती.

"मारोती कंचा, ते न्हाई सांगता येनार," आजी म्हणाली. "पर आमच्या गावची मानसं रिसाल्यात घोडे धुवायला जायची, असं माझी सासू सांगायची. अन् हे सांगनं आमच्या गावाबाहेर कुठंच न्हाई. हारलेलं जनावर शरमतं बाबा. पळून रानात ऱ्हातं. म्हून आधीच सांगून ठिवायचं."

मग बैलाच्या मानेवर हात फिरवत म्हणाली, "मानूसबी तसंच की."

आनंद हसायला लागला. "म्हणजे आमचे आजोबा शर्यत हरले असतील! हरून पळाले असतील!" हसता हसता त्याचा चेहरा वाकडा झाला आणि तो सगळ्यांदेखत रडला. मलाही आवरेना.

तेवढ्यात जोडी धावून गेली. आमच्या गडबडीत निकाल ऐकायचा राहिला. बैल परत आले तसं मी उत्साहाने विचारलं, "कितवा नंबर आला?" आजीच्या मुलाने मान फिरवली. आजी मला फाडून खाईल अशी बघत म्हणाली, "आमच्यात घरी आलेल्याला ते इचारत न्हाईत."

तिने तांब्या घेतला, बैलांच्या खुरांवर पाणी घातलं, त्यांना भाकरी-गूळ चारला. मग उरलेलं पाणी आनंदच्या पायांवर ओतलं आणि भाकरीचा तुकडा त्याच्याही हातात दिला. संध्याकाळी खैरगावात मारोतीच्या देवळाच्या पारावर गाव जमला होता. कोण कुणाचा भाऊबंद, यावर तिथं जो गोंधळ झाला तो मी या जन्मात विसरणार नाही. चार घरं आनंदवर हक्क सांगत होती. शेवटी जेवण चारही घरी करावं लागलं. प्रल्हादला त्या पारावर चहा वेगळ्या कपात येतो की काय, याकडे माझं लक्ष होतं. त्याचंही होतं. कप सगळ्यांचे सारखेच आले आणि तो मला डोळा मारून म्हणाला, "पी आता."

मुंबईला विमानतळावर आनंदला सोडताना मी त्याचा डावा कान धरला. सांगायचं ते सांगितलं. आसपासच्या लोकांनी वळून बघितलं, बघू देत.

पुण्यात परतलो. रेसकोर्सवर पुढेही जात राहिलो, पण निकालाचा तो जुना जीवघेणा चटका काही पुन्हा लागला नाही. घरात मात्र एक नियम आपोआप झाला. लेक परीक्षेहून आली की आधी पाणी, मग जेवण. बायको आधी वैतागली, नंतर तिनेच तो जास्त पाळला.

आनंद पुन्हा आला तेव्हा त्याचे वडील गेले होते. शेवटच्या दिवसांत त्यांना ऐकू कमी यायचं, म्हणून आनंदने डाव्या कानाशी तोंड नेऊन गावाचं नाव सांगितलं. खैरगाव. त्यांनी ते दोन-तीनदा घोळवून म्हटलं. मग विचारलं, "मारोतीआजोबा शर्यत जिंकले होते की हरले होते?"

"मी म्हणालो, बाबा," आनंद मला सांगत होता, आणि त्याच्या मराठीची इस्त्री पार मोडली होती, "आपल्या गावात ते इचारत न्हाईत."