गच्चीची किल्ली

धुळ्यात आमची गल्ली नदीच्या अंगाला होती. घरं धाब्याची, म्हणजे मातीच्या सपाट छपरांची. ती एकमेकांना इतकी चिकटलेली की एका टोकाला शिडीने धाब्यावर चढलं की जमिनीला पाय न लावता गल्लीच्या दुसऱ्या टोकाला उतरता यायचं. पुढे काहींनी स्लॅब टाकले, पण मधल्या भिंती कुणी उंच केल्या नाहीत. उन्हाळ्यात त्या सगळ्या छपरांवर मिळून एकच वाळवण पडायचं आणि त्यावर हुकूम चालायचा तो समोरच्या अक्काचा.

अक्का नात्याने आमची कुणीच नव्हती. नवरा लवकर गेलेला, पदरी एक मुलगा. होळी झाली की ती घरोघर जाऊन सांगायची, आज हिच्या घरच्या बिबड्या, उद्या तिच्या. बिबड्यांसाठी आंबवलेल्या ज्वारीचा घाटा मोठ्या पातेल्यात शिजायचा. ऊन चढायच्या आत बायका तो धाब्यावर नेऊन ओल्या धोतरावर हाताने पापडासारखा थापायच्या. आम्हा पोरांना वाटीत गरम घाटा मिळायचा, वर कच्चं तेल. लग्न होऊन मी जळगावला आले, तरी उन्हाळ्यात माहेरी जायची ओढ असायची ती निम्मी त्या धाब्याची.

माझे वडील शाळेत भूगोल शिकवायचे. सगळी गल्ली त्यांना नाना म्हणायची, म्हणून मीही नानाच म्हणायचे. त्यांचं गल्लीवर प्रेम होतं, पण आई गेल्यापासून मनात अढी बसली होती. आईला अचानक त्रास सुरू झाला त्या सकाळी ॲम्ब्युलन्स चौकातच अडकली, आत येईना. लोकांनी आईला खाटेवर घालून चौकापर्यंत नेलं. खाटेची एक बाजू अक्काने धरली होती. आई त्या दुखण्यातून उठली नाही. डॉक्टर म्हणाले, लवकर आणलं असतं तरी काही सांगता आलं नसतं. नानांनी ते ऐकून घेतलं, पण मनावर घेतलं नाही. त्यांच्या लेखी दोष त्या अरुंद गल्लीचाच होता.

म्हणून आमच्या भागाच्या पुनर्विकासाची योजना आली तेव्हा सगळ्यांत जास्त हरखले ते नाना. नदीकाठाने रुंद रस्ता, बंदिस्त गटारी, एक बाग, आणि आम्हा लोकांना महामार्गाच्या पलीकडे नव्या इमारतींत घरं. नानांनी कुठूनशी आराखड्याची मोठी प्रत मिळवली आणि ओट्यावरच्या भिंतीला लावली. रोज संध्याकाळी हातात फूटपट्टी घेऊन ते शिकवायला उभे राहायचे. मी त्या दिवसांत माहेरीच होते. ते निवृत्त झाल्यापासून मी त्यांना इतकं उत्साहात पाहिलं नव्हतं.

लोक खूप शंका काढायचे. पाणी किती वेळ येईल, म्हशी कुठे बांधायच्या, देवीचं ठाणं कुठे जाईल. नाना प्रत्येकाला आराखड्यात बोट ठेवून उत्तर द्यायचे. अक्का बराच वेळ मागे उभी राहून ऐकत होती. मग पुढे आली.

"नाना, बठ्ठं समजनं. पन यामा धाबं कोठे शे?"

नाना हसले. "धाबं नाही अक्का, गच्ची आहे. सगळ्या इमारतीची मिळून एक. आपल्या धाब्यांपेक्षा मोठी भरेल."

"वाळवन घालाले भेटी ना तठे?"

"का नाही? आणि वर जायला लिफ्ट. पातेलं डोक्यावर घेऊन शिडी चढायची गरज नाही."

"मंग मन्ही सही ली ल्या," अक्का म्हणाली.

तिने संमती दिल्यावर बाकीच्यांची फार खळखळ उरली नाही. नाना म्हणतात ना, मग ठीक असेल, असं जो तो म्हणू लागला. मलाही तेव्हा अभिमान वाटला होता.

गल्ली पाडली तेव्हा मी जळगावला होते. नाना फोनवर एवढंच म्हणाले, "माती फार उडाली गं." मी विचारलं, तुम्ही तिथे होतात का? ते म्हणाले, होतो, सगळेच होतो.

नवी घरं वाईट नव्हती, हे मला प्रामाणिकपणे सांगायला हवं. नळाला पाणी होतं, पावसाळ्यात छत गळत नव्हतं. पहिल्याच वर्षी खालच्या मजल्यावरच्या एका गृहस्थांच्या छातीत दुखलं आणि ॲम्ब्युलन्स थेट जिन्यापाशी येऊन उभी राहिली. गृहस्थ बरे होऊन परत आले. त्या दिवशी नानांनी फोन करून मला ते दोनदा सांगितलं. मात्र गल्ली तिथे गल्ली म्हणून आली नव्हती. कुणाला ही इमारत, कुणाला ती, कुणी सहाव्या मजल्यावर. मध्ये मध्ये बाहेरगावची नवी कुटुंबं. अक्काचं घर नानांच्याच इमारतीत होतं, दोन मजले वर.

उन्हाळा आला तशी अक्काने ज्वारी भिजत घातली. तीन-चार जुन्या बायकांना निरोप धाडले. ठरल्या सकाळी घाटा शिजवला आणि पातेलं लिफ्टने वर नेलं. गच्चीच्या दाराला कुलूप होतं. देखभालीला ठेवलेला माणूस म्हणाला, वर पाण्याच्या टाक्या आहेत, सोलर आहे, कुणालाही सोडायचं नाही असा हुकूम आहे. अक्काने त्याला समजावून पाहिलं, नाना धावत वर गेले, त्यांनीही सांगून पाहिलं. तो बिचारा तरी काय करणार? अक्काने आपल्या बाल्कनीत मावतील तेवढ्या बिबड्या घातल्या. संध्याकाळी शेजारच्या नव्या बाईंनी दार वाजवून विचारलं, "मावशी, हा आंबूस वास कसला येतोय? घरात पाहुणे आहेत हो." बाई तशी नीटच बोलली. पण उरलेला घाटा अक्काने गायींना घातला आणि जुन्या बायकांना सांगितलं, आता येऊ नका.

नाना मात्र स्वस्थ बसले नाहीत. ते योजनेच्या ऑफिसात गेले, ठेकेदाराच्या माणसाला भेटले, सोसायटीच्या प्रत्येक बैठकीत उभे राहिले. मी त्यांना म्हणायचे, नाना, एका गच्चीसाठी किती हेलपाटे? ते म्हणायचे, "मी बोट ठेवून दाखवली होती तिला." पावसाळा गेला, थंडी आली. तोवर अक्काचा मुलगा, जो शिरपूरला नोकरीला होता, आईला आपल्याकडे घेऊन गेला. ती गेल्यावर काही दिवसांनी बैठकीत ठराव झाला आणि गच्चीची किल्ली नानांच्या हातात आली.

त्यांनी मला जळगावहून बोलावून घेतलं. "आपण शिरपूरला जाऊन येऊ," म्हणाले. बसमध्ये किल्ली त्यांच्या खिशात होती आणि हात सारखा खिशाकडे जात होता.

अक्का अंगणात तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. आम्हाला बघून उठायला लागली, तर गुडघ्यावर हात ठेवून थांबावं लागलं. "या नाना! पोर बी उनी का? बठा, बठा." तिने सुनेला वरण-बट्टी करायला लावली. आम्ही जेवायला बसलो. अर्ध्या जेवणातच नानांनी किल्ली काढून तिच्यापुढे ठेवली.

"अक्का, मिळाली. होळीनंतर चला. पंधरा दिवस राहा, सगळ्यांना बोलावू."

अक्काने किल्ली हातात घेतली, उलटीसुलटी करून पाहिली आणि परत दिली. "चांगलं जयं नाना. कोनले तरी कामे यी."

"कुणाला तरी नाही हो, तुमच्यासाठी आणली."

"आते मन्हा गुडघा साथ देत नही. आनि हाक मारू ते कोनले? एक गयी पाचोराले, एक गयी साक्रीले."

नाना खाली बघत म्हणाले, "मी सांगितलं होतं तुम्हाला. तुम्ही माझ्या शब्दावर सही दिली."

"मंग? तुम्ही काय खोटं बोलनात का? गच्ची ते शे ना." ती हसली आणि त्यांच्या ताटात आणखी एक बट्टी कुस्करायला लागली. "मी पोरगाकडे उनू, मन्हं ठीक शे. तुम्हीच तठे एकला शेतस. जेवा."

निघताना तिने मला तिळाचे लाडू बांधून दिले आणि नानांना तब्येत जपायला सांगितलं. तिच्या बोलण्यात कुठे खोच नव्हती. मी शोधली, पण सापडली नाही. परतीच्या बसने तापीचा पूल ओलांडला तेव्हा नाना खिडकीबाहेर बघत म्हणाले, "रागावली असती तर बरं झालं असतं गं." मी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात मी त्यांच्याकडे होते. होळीनंतर रोज सकाळी नाना वर जाऊन कुलूप उघडायचे. लिफ्टपाशी त्यांनी सुवाच्य अक्षरात लिहून लावलं होतं की गच्ची सर्वांसाठी खुली आहे. काही दिवस कुणी फिरकलं नाही. मग एके सकाळी चौथ्या मजल्यावरच्या एक बाई मिरच्यांचं गाठोडं घेऊन आल्या आणि टाकीच्या सावलीच्या पलीकडे त्यांनी साडी अंथरली. थोड्या वेळाने वरच्या मजल्यावरची एक नवी सून मिरच्याच घेऊन आली. तिने आपली चादर दुसऱ्या कोपऱ्यात टाकली. नाना मध्ये उभे होते. त्यांनी दोघींची ओळख करून दिली, कोण कुठल्या मजल्यावर राहतं ते सांगितलं, एकत्र बसलात तर गप्पा होतील असंही म्हणाले. दोघी हसल्या, "हो ना काका," म्हणाल्या, आणि आपापल्या मिरच्या पसरायला वळल्या.