मधले तीन तास

बिनलबेनची नक्कल करायची तर आधी चष्मा डोक्यावर सरकवायचा. मग मोठा श्वास घ्यायचा आणि तो सोडता सोडता म्हणायचं, "कुसुमबेन, तमे तो घरनाज छो ने!" म्हणजे, तुम्ही तर घरच्याच ना! यातला 'ने' लांबवायचा. इतका, की समोरच्या माणसाला नाही म्हणायला जागाच उरू नये.

कुसुमबेन म्हणजे माझी आई. बमरोलीच्या आमच्या खोलीतून ती सकाळी सातला निघते. शेअर रिक्षाने अलथाण, तिथून चालत वेसू, आणि आठ वाजता बिनलबेनच्या चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटची बेल. संध्याकाळी सहापर्यंत ती त्यांच्या हेत्वीला सांभाळते. हेत्वी अडीच वर्षांची. आई तिथे लागली तेव्हा ती सव्वा महिन्याची होती, म्हणजे नुसती कापडाची घडी. आईने पाय लांब पसरून, तिला नडग्यांवर आडवं घालून तेल लावलं, न्हाऊ घातलं, नाक चिमटीत धरून सरळ केलं. ही विद्या तिला आमच्या शेजारच्या मंगलाबाईंनी दिली. त्याआधी आई घरी बसून साड्यांना टिकल्या लावायची. "साडीले टिकल्या लावा, ती इकायी जास," आई म्हणते. "पोरगी ते रोज वाढस. मजा शे."

आणि हेत्वी वाढली ती आईच्या जिभेवर वाढली. घरात सगळे गुजराती, टीव्हीवर हिंदी, प्लेग्रुपमध्ये इंग्रजी शिकवणार. पण तिला कुठलीही गोष्ट करायला सांगा, ती कमरेवर हात ठेवून विचारते, "कसाले?" अस्सल आमच्या शिंदखेड्याचं 'कशाला?'. तिच्या बांना, म्हणजे आजीला, हे आवडत नाही. हेत्वीने त्यांनाही विचारलं, "कसाले?"

आता आईचा एक दोष सांगते, म्हणजे पुढचं कळेल. भांडणात आई हरत नाही. नळावर तिच्या वाटेला कुणी जात नाही. पण समोरचं माणूस गप्प बसलं की आई संपली. ती शांतता तिला सोसत नाही, आणि ती भरायला ती स्वतःच माघार घेते. भाजीवाल्याला म्हणते, "गवार वीसला दे." तो काही बोलत नाही, नुसता पाणी शिंपडत बसतो. की ही म्हणते, "बरं, बावीस." तो तरी गप्पच. "बरं रे बाबा, पंचवीस घे." भाजीवाल्याने तोंड न उघडता आपणच भाव चढवणारी अख्ख्या बमरोलीत ही एकच बाई.

तर मे महिन्यात बिनलबेनने चष्मा डोक्यावर सरकवला. मार्केटमध्ये मंदी आहे, शेठच्या, म्हणजे तिच्या नवऱ्याच्या, साड्या पडून आहेत. जूनपासून हेत्वी प्लेग्रुपला जाणार, साडेनऊ ते साडेबारा. "त्या तीन तासांत तुम्ही तर मोकळ्याच, कुसुमबेन! म्हणून बाराच्या ठिकाणी नऊ करू या. थोडे दिवस. तमे तो घरनाज छो ने!" मोकळ्या म्हणजे घरातच थांबायचं, कपड्यांच्या घड्या घालायच्या, रोटल्या लाटायच्या, कुरियर आलं तर घ्यायचं. यायचं आठला, जायचं सहाला. फक्त तीन हजार कमी.

आई म्हणाली, "विचार करून सांगते." तेही बिनलबेनचा फोन वाजला म्हणून. नाहीतर शांतता पडली असती आणि आईने तिथेच साडेआठ करून दिले असते.

त्याच इमारतीत सातव्या मजल्यावर धनश्रीताई राहतात. नाशिकच्या, बँकेत आहेत, सध्या बाळंतपणाच्या रजेवर. त्यांनी लिफ्टमध्येच आईला विचारलं होतं, "कुसुमताई, पूर्ण दिवस आलात तर तेरा देईन. नाहीच जमलं तर सकाळी नुसतं मालिश आणि आंघोळ तरी? त्याचे चार." आई म्हणाली होती, "सकाळी मी मोकळी कुठे असते, ताई?"

त्या संध्याकाळी आईने हे सगळं भाकरी थापता थापता सांगितलं. भाकरी जाड होत होती, त्यावरून तिचं मन थाऱ्यावर नाही हे मी ओळखलं.

"तेरावाली धर ना मग," मी म्हणाले. "त्यात काय विचार करायचा?"

"आनि हेत्वी?"

हेत्वी दुपारी झोपते ती आईच्या पदराचं टोक मुठीत धरून. पदर सोडवायला आईला अर्धा तास लागतो.

"मंग नऊवर राही जाऊ," आई म्हणाली. "थोडा दिननी ते बात शे."

इथे पप्पांनी ताट खाली ठेवलं. माझे पप्पा, सुकदेव, पांडेसऱ्यात लूमवर, कापड विणायच्या मशीनवर, आहेत. त्यांना मीटरवर पैसे मिळतात. ते दिवसाला वीस वाक्यं बोलतात, त्यातली पंधरा लूमच्या आवाजात ओरडून बोलायची सवय असल्यामुळे शेजारीही ऐकतात.

"थोडा दिन!" पप्पा म्हणाले, आणि पलीकडे मंगलाबाईंचा टीव्ही बारीक झाला. "माले बी शेठ असंच बोलना व्हता. दोन महिना मंदी शे, सुकदेव, मीटरना भाव जरासा उतार. सहा वरीस व्हयनात. दोन महिना अजून सरनात नही."

मग त्यांनी बोटाने ताटात दोन रेघा ओढून समजावलं. त्यांच्या खात्यातला एक जण तेव्हा शेठला म्हणाला होता, भाव तोच ठेवा, मी दोन मशीन कमी चालवतो. सगळे त्याला हसले. मंदी संपल्यावर तो म्हणाला, माझ्या दोन मशीन द्या, आणि त्याला मिळाल्या. मशीन परत मागता येते. उतरलेला भाव कुणी परत देत नाही.

"भाव नको उतारू," पप्पा म्हणाले. "टाइम उतार. ती म्हनस तीन तास मोकळी, ते खरंच मोकळी हुई जाय ना. वर सातव्या मजल्यावर चाली जाय."

आईचा हात थांबला. पुढची भाकरी पातळ आली.

"पण हे बिनलबेनला सांगणार कोण?" मी म्हटलं. "ती गप्प बसली की तू चाललीस सातव्या नाही, तळमजल्यावर."

म्हणून तालीम घेतली. मी पप्पांचा चष्मा डोक्यावर चढवला, कपात चमचा घेतला आणि बसले बिनलबेन होऊन. आई समोर उभी, पदर खोचून.

"कुसुमबेन, बोलो, शुं विचार्युं?"

"नऊ चालेल. पण साडेनऊ ते साडेबारा मी बाहेर जाईन," आई म्हणाली. पाठ केलेल्या कवितेसारखं, पण म्हणाली.

मग मी बिनलबेनच्या गप्प बसण्याची नक्कल केली. माझी आजवरची सगळ्यात अवघड नक्कल. कुणाचंही बोलणं उचलता येतं, गप्प बसणं उचलायला फार ऐकावं लागतं. बिनलबेन चहा ढवळते, साखर विरघळून गेली तरी ढवळत राहते, आणि बघते खिडकीकडे. टिंग, टिंग, टिंग.

नवव्या टिंगला आई म्हणाली, "बरं, दोनच तास जाईन."

"आई! मी योगिता आहे!"

"माहीत शे वं. पन तू अशी दिखस ना!"

दुसऱ्यांदा ती पंधरा टिंगपर्यंत टिकली. तिसऱ्यांदा पप्पांनी तिच्या हातात धुतलेले कपडे दिले. "बोलून टाक आनि घड्या घाल. ती नही बोलनी ते तू बी नको बोलू." आईने माझे दोन ड्रेस, पप्पांचे तीन शर्ट आणि एक चादर यांच्या घड्या घातल्या. चमचा ढवळून माझं मनगट दुखलं. आई हूं की चूं नाही.

शनिवारी मीही आईबरोबर वेसूला गेले. शाळेला सुट्टी होती, आणि अशी संधी मी सोडणार नव्हते.

बिनलबेन सोफ्यावर होती. चष्मा डोक्यावर. मी जमिनीवर हेत्वीशी ठोकळे खेळत होते आणि ओठ आत दाबून धरले होते. कारण पहिलं वाक्य आलं ते शब्दाला शब्द आमचंच, "कुसुमबेन, बोलो, शुं विचार्युं?"

आईने टोपलीतला हेत्वीचा फ्रॉक उचलला. "नऊ चालेल, बेन. हेत्वी शाळेत असेल ते तीन तास मी सातव्या मजल्यावर काम घेतलंय. साडेबाराला परत."

"पण मग घड्या? रोटली?"

"घड्या हेत्वी झोपते तेव्हा घालते, तशाच घालीन. रोटलीला त्या वेळी मी नाही."

आणि बिनलबेन गप्प बसली.

चमचा नव्हता. टिंग नव्हतं. ती खिडकीकडेही बघत नव्हती. ती बघत होती दाराशी टांगलेल्या नव्या दप्तराकडे. हेत्वीचं, बदकाचं चित्र असलेलं. हे माझ्या नकलेत नव्हतंच. मी आईकडे पाहिलं. फ्रॉक झाला, झबलं झालं, रुमाल झाला. आईचे ओठ एकदा हलले. मला वाटलं, आता म्हणणार, बरं, दोनच तास. पण तिने पाचव्या वेळी तोच रुमाल उलगडून पुन्हा घडी घातली.

शेवटी बिनलबेनच बोलली, आणि 'ने' न लांबवता. "साडेबाराला ती परत येईल तेव्हा खाली गेटवर कोण असेल, कुसुमबेन? परवा शाळा दाखवायला नेली तर माझ्या कडेवर रडतच होती. तुम्हाला बघून थांबली."

"मीच असेन," आई म्हणाली. "रोज. शाळेतून मधेच फोन आला तरी लिफ्टने खाली येईन. सातच मजले तर आहेत."

बिनलबेनने चष्मा नाकावर ओढला. "चालो, तो नऊ पाक्का." मग हेत्वीला म्हणाली, "बेटा, कुसुममासीला 'हो' म्हण."

हेत्वीने कमरेवर हात ठेवले. "कसाले?"

बिनलबेन हसली, तेव्हा मी दाबून धरलेलं सगळं हसू एकदम बाहेर आलं. त्यांना वाटलं, मी हेत्वीला हसतेय.

जाताना आई लिफ्टने आधी वर गेली आणि धनश्रीताईंना सांगून आली, की जूनच्या पहिल्या सोमवारपासून पावणेदहाला तेल कोमट करून ठेवा. नऊ आणि चार. पप्पांनी ऐकलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, "दोन मशीन कमी करात आनि एक नवी लागनी!" पलीकडून मंगलाबाई म्हणाल्या, "अभिनंदन वं, कुसुम!"

संध्याकाळी आम्ही भाजी घ्यायला उतरलो. आई म्हणाली, "गवार वीसला दे." भाजीवाल्याने पाणी शिंपडायला घेतलं. मी आईचा हात घट्ट धरला. आईही गप्प. तो शिंपडतोय, ही बघतेय. गवार भिजून चिंब झाली. त्याने मान वर करून दोनदा पाहिलं. त्याला हे नवीन होतं. "ले लो, बेन," तो म्हणाला, "बीसमें."

आईने त्याच्या हातावर पंचवीस ठेवले.

"आई!"

"राहू दे वं," ती पिशवी माझ्याकडे देत म्हणाली. "आज परवडस."