देवीची मूठ

माणसं साठवतात ती भीतीपोटी, असं माझं मत आहे. शाळेतले मास्तर पोरांकडून ‘थेंबे थेंबे तळे साचे’ घोकून घ्यायचे, पण ते ऐकून कुणी एक दिडकी बाजूला टाकल्याचं मी पाहिलं नाही. मी स्वतः आयुष्यात एकदाच, सात-आठ महिने, नेटानं साठवलं. तेही पैसे नव्हेत, तांदूळ. त्या दिवसांत माझा हात थांबला नाही याचं कौतुक कुणी करू लागलं तर मला हसू येतं. मी घाबरले होते, दुसरं काही नाही.

आमचं गाव पौडाच्या वर, धरणाच्या अंगाला. नवे पैसे नुकते चालू झाले होते आणि बाजारात बायका अजून आण्यातच घासाघीस करत होत्या, तेव्हाची ही गोष्ट. माझं पहिलं बाळंतपण ऐन श्रावणात आलं. मूल आडवं होतं. सुईणीनं हात टेकले. पौडाच्या दवाखान्यात न्यायचं म्हणून चौघांनी मला बाजेवर घातलं आणि भर पावसात ओढ्यापर्यंत नेलं. ओढा दोन्ही काठ सोडून वाहत होता. बाज खाली ठेवून चौघंही नुसते उभे राहिले. पाण्याचा आवाज एवढा, की माझं ओरडणं मलाच ऐकू येईना. पाणी उतरायच्या आत मूल गेलं. मी कशी वाचले ते सुईणीलाही सांगता आलं नाही.

पाऊस ओसरल्यावर पुण्याहून मावशी मला भेटायला आली. तिची खोली मोठ्या सरकारी दवाखान्यापासून हाकेच्या अंतरावर होती. पुढच्या खेपेला पाऊस लागायच्या आधीच माझ्याकडे ये, बाळंत होऊन पाणी उतरल्यावर परत जा, असं तिनं बजावलं. दवाखान्यात पैसे पडत नाहीत म्हणाली. मग जरा घुटमळली आणि खालच्या आवाजात म्हणाली, “तांदूळ मातूर तुजं तू आन. इकतचा तांदूळ आनताना तुज्या काकाचं त्वांड बघवत न्हाई.” मला तिचा राग आला नाही. भाताच्या गावच्या माणसानं शहरात रिकाम्या हातानं जायचं नसतं, हे मलाही कळत होतं.

म्हणजे पावसाळाभर एका बाईला पुरेल इतका तांदूळ. माझ्या हिशेबानं दोन मोठे डेरे भरायला हवे होते, आणि तेही पुढचा पाऊस लागायच्या आत. घरात भात पिकत होतं, पण कणगीच्या किल्ल्या म्हणाव्यात तर त्या सासूबाईंच्या हातात. मालकांनी त्यांच्याकडे एकदा पुण्याचा विषय काढून पाहिला. गावातल्या समद्या बाया हितंच बाळंत झाल्या, एवढंच त्या म्हणाल्या आणि उठून गोठ्यात गेल्या. मालक काही वाईट माणूस नव्हता, पण आईपुढं त्याची जीभ टाळ्याला चिकटायची.

मग मी मुठीवर आले. भाताला तांदूळ काढले की त्यातली एक मूठ चुलीवर न जाता उतरंडीमागच्या डेऱ्यात जायची. सकाळी एक, संध्याकाळी एक. चार-सहा दिवसांतच सासूबाईंनी ते पाहिलं. आपल्याच घरात चोरी करताना सापडल्यावर काय सांगायचं? पण त्यांचा चेहरा एकदम मऊ झाला. आमच्याकडे बायका नवस बोलल्या की रोजच्या तांदळातली मूठ देवीसाठी काढून ठेवतात, आणि नवस फिटायच्या वेळी तो तांदूळ टेकडीवरच्या देवळात नेऊन गावजेवण घालतात. मुलासाठी मी नवस बोलले असं त्या समजल्या. देवीची का, असं त्यांनी विचारलं. मी व्हय आणि न्हाईच्या मधला काहीतरी आवाज काढला. त्यांनी डेऱ्याला हळदीकुंकू लावलं, हात जोडले, आणि त्या दिवसापासून घरात कुणाची त्या तांदळाला बोट लावायची छाती झाली नाही. मला तेव्हा वाटलं, बरं झालं, आयताच पहारा बसला.

मार्गशीर्षात मला पुन्हा दिवस गेले. आनंद झाला असं म्हणायची रीत आहे. मला घाम फुटला. दिवस मोजायची गरजच नव्हती, भर पावसातच येणार हे बायामाणसाला न मोजता कळतं.

भाताची झोडणी झाल्यावर मूठ काढणं सोपं होतं. कणगी भरलेली, हात सैल. खरी परीक्षा उन्हाळ्यात. चैत्रात कणगीचा तळ दिसू लागला, एका वेळेला नाचणीच्या भाकरीवर भागवायची पाळी आली, आणि मापातच तांदूळ थोडे पडू लागले. मला पोटुशीची भूक. मालक जेवताना भाताकडे पाहून म्हणायचे, दात कोरून कुठं पोट भरतं व्हय. त्यांचं खरंच होतं. कैक वेळा मी मूठ भरून पुन्हा सैल केली आहे. आज राहू दे, उद्या दोन घालू. पण बोटं उघडली की कानात तो ओढा सुरू व्हायचा, आणि मूठ मुकाट्यानं डेऱ्यात जायची. कधीकधी तर एकीच्या जागी दोन जायच्या.

तांदूळ मात्र माझ्या अंदाजापेक्षा लवकर चढत होता. का, ते एका सकाळी कळलं. सासूबाई स्वतःच्या वाटणीची मूठ डेऱ्यात टाकत होत्या. माझ्यासमोरच, काही लपवाछपवी नाही. टाकताना त्यांनी डोळे मिटले आणि माझ्या सुनेचं पोर जगू दे असं स्पष्ट म्हणाल्या.

तिथून माझी झोप उडाली. तोवर मला एक भीती होती, आता दुसरी आली. हा तांदूळ आता कुणाचा? ज्या दाण्यावर देवीचं नाव घेऊन हात जोडले, तो मी पुण्याला नेऊन आमटीशी कालवून खायचा? खाल्ला तर देवी पोर नेईल, न खावा तर ओढा नेईल. भीत्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात ते काही खोटं नाही. डेरा जसजसा भरत गेला तसतसं माझं अन्न कमी होत गेलं. मूठ मात्र मी सोडली नाही, सोडायचीही भीती वाटत होती.

वैशाखात दुसरा डेरा गळ्यापर्यंत आला आणि सासूबाईंनी गुरवाला बोलावणं धाडलं. पौर्णिमेला तांदूळ देवळात न्यायचा, गाव जेवू घालायचं, असं त्यांनी ठरवून टाकलं. आता गप्प राहून चालणार नव्हतं. चुलीपुढं बसून मी त्यांना सगळं सांगितलं. मावशीचं बोलणं, पुण्याला जायचं मनातून गेलं नव्हतं ते, तांदूळ कशासाठी ते. त्या रागावल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला.

“देवीचं धान्य खाऊन पोर जलमाला घालनार तू?”

माझी जीभ तिखट, ती तेव्हाही गप्प बसली नाही. “देवीचं नाव म्या न्हाई घातलं, आत्याबाई. तुमी घातलं.”

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या म्हणाल्या, चल, देवीला इचारू.

आमच्याकडे असं अडलं की देवीला कौल लावतात. गुरवानं देवीच्या दोन्ही खांद्यांवर एकेक ओलं फूल चिकटवलं आणि आमचं गाऱ्हाणं तिच्या कानावर घातलं. उजवं फूल आधी पडलं तर होकार, डावं पडलं तर नकार. आम्ही दोघी खाली बसून राहिलो. मी डाव्या फुलाकडे बघत नव्हते, बघितलं तर पडेल असं वाटत होतं. माझे पाय बधिर झाले. पोटात पोर फिरत होतं, त्याला काय माहीत. सासूबाई ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटत होत्या.

डावं पडलं.

गुरवानं ते उचलून बाजूला ठेवलं आणि आमच्याकडे न बघता समईची वात सारखी करू लागला. उतरताना सासूबाई पुढं आणि मी मागं, दोघींमध्ये बरंच अंतर. आता श्रावणात पुन्हा ती बाज आणि पुन्हा तो ओढा. मी मेले, असं मला वाटलं, आणि वाटलं म्हणजे अगदी खरंच वाटलं.

दोन दिवसांनी सकाळी अंगणात बैलगाडी जुंपलेली दिसली. गाडीत पेंढा टाकून त्यावर दोन्ही डेरे ठेवले होते आणि सासूबाई फडक्यानं त्यांची तोंडं बांधत होत्या. मालक खुळ्यासारखे बघत उभे. मला सासूबाईंनी गाडीत बसायला सांगितलं. मग टेकडीकडे तोंड केलं आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाल्या, “तू न्हाई म्हनलीस, म्या ऐकलं. पर तांदूळ म्या काढून दिलाय, सुनंनं न्हाई. काय कोप व्हयाचा त्यो माज्यावर व्हऊ दे.”

पहिल्या डेऱ्याची गाठ त्यांनी मारली होती. दुसऱ्याची त्यांना मारता येईना. शेवटी ती मालकांनी मारली. देवी नाहीच असं म्हणणारी माणसं मी पुढं पुष्कळ पाहिली, त्यांचं मला काही वाटत नाही. ही बाई देवीला पुरती मानत होती.

पौडाहून एसटीनं मी पुण्याला गेले. मावशीच्या खोलीत पावसाळाभर तो तांदूळ खाल्ला. घास गिळताना मला स्वतःसाठी भीती वाटायची बंद झाली होती, आता सासूबाईंसाठी वाटत होती. गावाकडून काही कळायला मार्ग नव्हता. पोर याही खेपेला आडवीच होती. डॉक्टरीणबाईंनी ती सुखरूप काढली, मी शुद्धीवर आल्यावर मुलगी झाली म्हणून सांगितलं, आणि मी आधी गावाकडून कुणी आलंय का ते विचारलं.

पाणी उतरल्यावर मालक न्यायला आले. आई बरी आहे म्हणाले, पण जेवत नाही नीट. आश्लेषाच्या पावसात आमची दुभती गाय गेली होती. तेव्हापासून, आता कोपाला सुरुवात झाली, असं त्या म्हणत होत्या.

घरी आलो तेव्हा पोरीवरून भाकरतुकडा ओवाळायला शेजारीण पुढं आली. सासूबाई गोठ्याच्या दाराशी भुईवर बसून होत्या. निम्म्या झाल्या होत्या. पोरीकडे त्या डोळे भरून बघत होत्या, पण मी जवळ गेले तशा बसल्या जागी मागं सरकल्या.

“लांब धर तिला. माज्यावर हाय अजून.”

मी म्हटलं, किती दिवस असं लांब बसणार? म्या जिती हाय तंवर, असं त्या म्हणाल्या, शांतपणे, जणू त्यांनी ते पावसातच ठरवून ठेवलं होतं. मालक मला खूण करत होते, राहू दे म्हणून. शेजारीण तोंडाला पदर लावून उभी होती.

मी वाकले आणि पोर त्यांच्या मांडीवर ठेवली. त्या सबंध वर्षात मी जितकी भ्याले नव्हते, तितकी तिच्याखालचा हात काढून घेताना भ्याले.