शीतळामातेच्या दिवशी फोडणी
जनतेस अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की आमच्या व्हॅनचा उजवीकडचा पडदा पहिल्याच सहलीत कामी आला.

जुन्या व्हॅनमध्ये पलंग आणि गॅसची शेगडी बसवून मी तिचं फिरतं घर केलं होतं. बायकोची अट एकच: पहिल्या सहलीत काही विपरीत घडलं, तर व्हॅन विकायची.

जयपूरहून आम्ही निघालो चाकसूला, शीतळामातेच्या जत्रेला. सोबत शेजारच्या भाभीजी आणि त्यांची पातेलंभर बाजरीची राबडी, म्हणजे ताकात शिजवलेली पातळ आंबील. त्या दिवशी इकडे कुणी चूल पेटवत नाही, आदल्या दिवशीचं गारच जेवतात. आमचा दहीभातही गारच होता. पण फोडणीशिवाय दहीभात माझ्या घशाखाली उतरत नाही.

जत्रेजवळ गाडी उभी केली आणि दोघींची पाठ वळताच मी शेगडी पेटवली. मोहरी तडतडली, वाऱ्याने पडदा ज्योतीवर आला आणि भडकला.

"हटो भैया," म्हणत भाभीजींनी अख्खी राबडी पडद्यावर ओतली. आग विझली. उडालेली राबडी माझ्या मिशीवरून ठिबकत होती. व्हॅन गेली, असं समजून मी बायकोकडे पाहिलं. तिला हसू आवरत नव्हतं.

"राहू दे ती गाडी. पुढच्या वर्षी राबडीची दोन पातेली घ्यायची, एक खायला."