स्वीडनच्या पाहुण्यासाठी जमवलेली गर्दी

चांगुलपणा अंगाशी कसा येतो ते माझ्याकडून ऐका. तोवर चहा ओता.

सिंगापुरातल्या सेंगकांगच्या आमच्या मराठी ग्रुपमध्ये कार्यक्रमाला माणसं गोळा करायचं खातं माझ्याकडे. लष्कराच्या भाकऱ्या भाजायची हौस, दुसरं काय! मागच्या दिवाळीत पुण्याहून बोलावलेल्या गायिकेपुढे आम्ही कमिटीवाले आणि आमची पोरंबाळं, एवढेच होतो. त्या बाईंचा चेहरा अजून डोळ्यांसमोरून जात नाही.

अशात मॉलमध्ये पोस्टर दिसलं. स्वीडनचा एक निवृत्त टेबल टेनिसपटू रविवारी सकाळी जवळच्या हॉलमध्ये येणार, थोडं खेळणार, गप्पा मारणार. कॉलेजात मी त्याच्यावर जीव टाकायचो. जगज्जेता माणूस, चाळिशीतही भल्याभल्यांना घाम फोडायचा.

पण आता? निवृत्त खेळाडू, परका देश, त्यात रविवारची सकाळ. कोण येणार हो? मला रिकाम्या खुर्च्याच दिसायला लागल्या.

ग्रुपवर लिहिलं, "पाहुण्याची लाज राखायची आहे. सहकुटुंब या. बटाटेवडे माझ्याकडून." भराभर अंगठे आले.

"अहो, त्याने मागितली का तुमच्याकडे माणसं?" वडे तळता तळता बायको म्हणाली.

"मागतं का कोणी? आपण समजून घ्यायचं असतं."

रविवारी डबा घेऊन आम्ही नवराबायको हॉलच्या मागच्या दाराने गेलो, तर पायरीवर तो कॉफी पीत बसलेला. एकटाच. सरळ जाऊन त्याच्या पाठीवर हात ठेवला.

"मनाला लावून घेऊ नका," मी म्हटलं. "गर्दी म्हणजे सगळं नसतं. आणि माझी चाळीस माणसं येताहेत. टाळ्या वाजवायलाही सांगून ठेवलंय."

तो माझा हात हातात घेऊन म्हणाला, "फार बरं वाटलं." खोटं कशाला सांगू, थट्टा नव्हती त्यात.

आपली मंडळी आली का बघायला पुढच्या दाराशी गेलो, आणि बघतो तर रांग थेट मेट्रो स्टेशनात शिरलेली. चिनी आजोबा, आज्या, नातवंडं, सहीसाठी हातात जुन्या बॅटी.

"ही रांग कशाची?" एका आंटीला विचारलं.

"त्याचीच, लाह!" ती इथल्या हेलात म्हणाली. "चीनवाल्यांना वर्षानुवर्षं हरवलं त्याने, तरी त्यांचा लाडका. तिथे त्याला रस्त्याने चालू देत नाहीत लोक."

म्हणजे तो पायरीवर गर्दीपासून लपून बसला होता, आणि मी त्याचं सांत्वन करून आलो होतो.

आत पाय ठेवायला जागा नव्हती. आम्ही भिंतीला चिकटून उभे. तो आला, हॉल दणाणला. त्याने माइक घेतला.

"सकाळी एका भल्या गृहस्थांनी मला धीर दिला. माझ्यासाठी ते चाळीस माणसं घेऊन आलेत. त्यांना पुढे बसू द्या, प्लीज."

लोक हसले, पण दिलदार हो! पुढच्या दोन-तीन रांगांतले आजी-आजोबा उठून भिंतीशी उभे राहिले.

मी फोन बघितला. "दादा, जागच आली नाही." "मुलीचं ट्यूशन आहे." "वडे ठेवा आमच्यासाठी."

शेवटी आम्ही दोघंच पुढे जाऊन बसलो, मांडीवर डबा घेऊन. तो दाराकडे बघत बाकीच्यांची वाट पाहत होता. आणि खच्चून भरलेल्या त्या हॉलमध्ये रिकाम्या खुर्च्या होत्या, त्या तेवढ्या माझ्या.