हॉर्नमधला उजवा हात

सत्तरच्या दशकाच्या मध्यावर मी सोलापूरच्या एका कापड गिरणीत टाइमकीपरच्या हाताखाली कारकून होतो आणि गिरणीच्या बँडमध्ये दुसरा फ्रेंच हॉर्न वाजवत होतो. बँडमध्ये हॉर्न दोनच होते. पहिला रंगखात्यातल्या एका कामगाराकडे होता. ते भवानी पेठेत राहत, घरी तेलुगू बोलत, माझ्याहून वीसेक वर्षांनी मोठे होते. सगळे त्यांना अण्णा म्हणत. मला हॉर्न त्यांनीच शिकवला.

हॉर्नच्या चाव्या डाव्या हाताच्या बोटांखाली असतात. उजवा हात मागच्या पसरट तोंडात, म्हणजे बेलमध्ये, घालून ठेवायचा असतो. पाहणाऱ्याला तो नुसता आधाराला ठेवल्यासारखा वाटतो. आमचा क्लॅरिनेटवाला माढ्याकडचा होता. तो अण्णांना सोडत नसे.

“अण्णा, काय हरवलंय तितं? रोज हात घालून हुडकताय.”

“तुझी अक्कल.”

“अजून घावली न्हाय व्हय?”

“लई बारीक हाय रे.”

त्या हाताचं काम असं. बोटं जुळवून तळवा खोलगट करायचा आणि बोटांची पाठ आतल्या धातूला टेकवायची. एवढ्यानं सूर गोल होतो. तोच हात वळवून तळव्यानं भोक पुरतं बंद केलं, की आवाज भिंतीपलीकडून आल्यासारखा येतो, पण सूर अर्ध्या सुरानं चढतो. म्हणून बंद हातानं वाजवताना चावी अर्धा सूर खालची दाबायची. भोक पुरतं बंद झालं नाही, कुठं फट राहिली, तर उलटं होतं. सूर खाली घसरतो. अण्णा म्हणायचे, “कानाला उशिरा कळतं. हवा कुठून निसटते ते आधी बोटाला लागतं.”

गिरणीचा वार्षिक कार्यक्रम संक्रांतीनंतर असे. त्या वर्षी बँडमास्तरांनी एक नवी धून बसवायला घेतली. मास्तर फौजेतून निवृत्त झालेले, दख्खनी बोलणारे. धुनेत चार मापांचा, म्हणजे तालाच्या चार आवर्तनांएवढा, पडसाद होता. सगळा बँड थांबायचा आणि दोन हॉर्न बंद हातानं तीच ओळ पुन्हा वाजवायचे.

दिवाळीनंतरच्या पहिल्याच तालमीत पडसाद बेसूर झाला. मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं.

“क्या रे, ऊपर कायकू जारा तू?”

मी मान खाली घातली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच झालं. तिसऱ्या दिवशी मी वाजवता वाजवता शेजारचं ऐकलं. माझा सूर जागेवर होता. अण्णांचा घसरत होता.

तालीम संपल्यावर ते हॉर्न पुसत होते. उजव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट आत वळलेली होती. दोन्ही बोटं सरळ होत नव्हती. तळव्याच्या कडेला रुपयाएवढा फोड आला होता.

“अण्णा, हे भाजलं कशानं?”

त्यांनी हात उलटा करून पाहिला. “कधी झालं हे?” त्यांनी मलाच विचारलं.

रंगाच्या पिंपातलं पाणी उकळतं असे. तो फोड कुणालाही जाणवला असता. काय असावं ते मला कळलं आणि मला कळलं हे त्यांनाही कळलं. मी आल्यापासून दोन कामगारांची हजेरीची कार्डं महारोगामुळे काढून घेऊन त्यांना घरी बसवलं होतं. ती मीच फायलीला लावली होती.

“थोरलीचं वैशाखात ठरलंय,” अण्णा म्हणाले. “गिरणीच्या डॉक्टरनं एक ओळ लिहिली की माझं कामही गेलं आणि तिची सोयरीकही गेली. लग्न होऊ दे. मग मी जातो दवाखान्यात. तोवर बोलू नको.”

“बरं,” मी म्हणालो.

बोलायचं नाही एवढंच ठरलं होतं. त्यापुढचं मी माझ्या मनानं केलं. हॉर्नला म्यूट मिळतं, म्हणजे बेलमध्ये बसवायचा शंकू. त्यानं आवाज लांबचा होतो, पण सूर हलत नाही आणि हाताला भोक बंद करावं लागत नाही. आमच्याकडे म्यूट नव्हतं. मी वाइंडिंग खात्यातून सूत गुंडाळायचे रिकामे पुठ्ठ्याचे कोन आणले. त्यांवर वर्तमानपत्राचे कागद गिरणीच्या खळीनं थरावर थर चिकटवले आणि उन्हात वाळवले. रुंद बाजू पुठ्ठ्याच्या चकतीनं बंद केली. बाटलीच्या बुचाच्या तीन पट्ट्या कापून बाहेरून लावल्या, म्हणजे मधून हवा जायला वाट राहते. अशी दोन म्यूट केली.

मास्तरांना मी सांगितलं, की मैदानात हाताचा आवाज पोचणार नाही, ह्यानं पोचेल. त्यांनी दोन्ही प्रकार ऐकले. “हात की बात अलग है,” ते म्हणाले. “पन चलेगा.”

पडसाद जमला. तालमीत अण्णा चुकले नाहीत. दोन महिने कुणी त्यांच्या हाताकडे पाहिलं नाही.

कार्यक्रमाच्या दिवशी मैदानात मालक, त्यांचे पाहुणे आणि कामगारांची कुटुंबं होती. अण्णांची बायको आणि मुली बायकांच्या बाजूला बसल्या होत्या. बँड थांबला. आम्ही म्यूट बसवली आणि पडसाद सुरू केला. अण्णांनी पहिल्या सुरापासून चावी अर्धा सूर खालची दाबली. म्यूटला त्याची गरज नव्हती. आवाज बंद हातासारखा हवा असला की चावी खालची, ही त्यांची पंचवीस वर्षांची सवय होती आणि इतक्या लोकांपुढं बोटं सवयीनं गेली. चारही मापं आम्ही अर्धा सूर अंतरानं वाजवली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना ते तसंच असावं असं वाटलं.

कार्यक्रम संपल्यावर मास्तरांनी आम्हा दोघांना मंडपामागं बोलावलं.

“वो डब्बा निकाल,” ते अण्णांना म्हणाले. “हात से बजा.”

अण्णांनी बेलमध्ये हात घातला आणि वाजवलं. सूर घसरला.

मास्तर रागावले नाहीत. त्यांनी हॉर्न अण्णांकडून घेतला आणि माझ्याकडे दिला. “आँखां बंद कर. कौनसी उंगली को हात लगाया, बोल.”

अण्णांनी डोळे मिटून हात पुढं केला. थोडा वेळ गेला.

“लावा की, मास्तर,” ते म्हणाले.

मास्तरांचं बोट तेव्हा त्यांच्या करंगळीवरच होतं.

दुसऱ्या दिवशी मास्तरांनी त्यांना सरकारी दवाखान्यात पाठवलं. मी बरोबर गेलो. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. रोग बरा होईल, औषध चालू असताना दुसऱ्याला लागण्याची भीती नाही, असं लिहून दिलं. बोटं दिवाळीपासून अशी आहेत, असं सांगून विचारल्यावर त्यांनी हात पुन्हा पाहिला आणि म्हणाले, “दिवाळीत आला असता तर सरळ झाली असती कदाचित.”

परत येताना मी म्हणालो, “मी तेव्हाच सांगायला हवं होतं.”

“सांगितलं असतंस तर तुझं तोंड पाहिलं नसतं मी,” अण्णा म्हणाले.

दवाखान्याची चिठ्ठी पाहून गिरणीनं त्यांना कामावर ठेवलं, पण रंगखात्यात नाही. मागच्या फाटकावर नेमलं. थोरलीच्या अक्कलकोटच्या होणाऱ्या सोयऱ्यांनी निरोप पाठवला, की मुलगा इतक्यात लग्नाला तयार नाही. त्याच मुलाचं वैशाखात दुसरीकडे लग्न झालं.

मास्तरांनी मला पहिल्या हॉर्नच्या खुर्चीवर बसवलं. पुढं एकदा पाळी संपल्यावर अण्णा तालमीला आले आणि मागच्या रांगेतल्या रिकाम्या खुर्चीकडे निघाले. शेजारच्या ट्रॉम्बोनवाल्यानं आपली खुर्ची हातभर बाजूला घेतली. अण्णा तिथंच थांबले. माझ्या शेजारचीही खुर्ची रिकामी होती. मी त्यांना या म्हणालो नाही.

मास्तरांनी धून सुरू केली. पडसाद आला. मी तो हातानं वाजवला. कुठं फट राहिली नाही. मान वर केली तेव्हा अण्णा गेले होते.